अलेवींचा जेम आणि जुनं गाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं अनातोलियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, हजरत अलींना मानणाऱ्या अलेवी समाजाच्या गावांबद्दल आहेत, आणि मुख्यतः १९५०-६०पर्यंतच्या पिढ्यांबद्दल. गाव बदललं की पद्धत बदलते. अलेवी स्वतःच म्हणतात, वाट एक, पण चालण्याच्या रीती हजार आणि एक. त्यामुळे इथली एखादी गोष्ट कुणा अलेवी घरात वेगळी ऐकायला मिळाली, तर दोन्ही बरोबर असू शकतात.

अलेवी म्हणजे सीरियातले अलवी का?

नाही. नावाचं मूळ एकच, पैगंबरांचे जावई हजरत अली. पण समाज वेगळे. सीरियातले अलवी (जुनं नाव नुसैरी) अरबी बोलतात आणि त्यांची परंपरा स्वतंत्र आहे. अनातोलियातले अलेवी तुर्की, कुर्दी किंवा झाझा बोलतात. सिवास, तोकात, चोरुम, मलात्या, एर्झिंजान, देर्सिम (आजचं तुंजेली) हे त्यांचे जुने पट्टे. टॉरस डोंगररांगांत लाकूडतोड करणारे ताहताजी हेही अलेवीच. जुन्या कागदपत्रांत यांचं नाव ‘किझिलबाश’ असं येतं, म्हणजे लाल डोक्याचे. इराणच्या सफवी घराण्यातल्या शाह इस्माईलच्या अनुयायांची बारा घड्यांची लाल टोपी, त्यावरून ते नाव पडलं. १५१४च्या चाल्दिरानच्या लढाईत उस्मानी सुलतानाने शाहचा पराभव केला, आणि पुढे कित्येक शतकं ‘किझिलबाश’ ही शिवी झाली.

जेम म्हणजे काय?

अलेवींची सामुदायिक उपासना. मराठीतले जमाव, जमात हे शब्द ज्या अरबी धातूचे, त्याचाच हा तुर्की अवतार. पाच वेळची नमाज आणि रमजानचे रोजे बहुतेक अलेवी गावांत नव्हते, मशीदही नसे. जेममध्ये माणसं एका दिशेला तोंड करून रांगेत बसत नाहीत, गोल करून एकमेकांकडे तोंड करून बसतात. त्याला ते ‘जेमाल जेमाले’ म्हणतात, चेहऱ्यासमोर चेहरा. बाई असो वा पुरुष, आत आलेला प्रत्येक जण ‘जान’, म्हणजे जीव. प्रार्थना लोकांच्या बोलीत होतात, मुख्यतः तुर्कीत आणि देर्सिमकडे झाझातही.

तो कधी आणि कुठे भरायचा?

गुरुवारी रात्री, आणि बहुतेक हिवाळ्यात. कारण साधं शेतीचं आहे. पीक घरात आलेलं, दाणा-वैरण भरलेली, वाटा बर्फाने बंद व्हायच्या बेतात. माणसाला रात्रभर बसायला सवड तेव्हाच. वेगळी इमारत बहुतेक गावांत नव्हती. ज्याच्या घराची मोठी खोली, त्याच्याकडे जेम. लाकडी खांबांवरची मातीची धाब्याची छपरं, एका कोपऱ्यात चूल, खाली चटया. पन्नास-साठ माणसं बसली की चुलीची गरज फारशी उरत नसे.

देदे कोण असतो? कुणालाही होता येतं का?

येत नाही. ‘देदे’ म्हणजे आजोबा. हे पद घराण्यातून येतं. अशा घराण्याला ‘ओजाक’, म्हणजे चूल, म्हणतात, आणि ते आपली वंशावळ बारा इमामांपर्यंत, म्हणजे अली आणि त्यांच्या वंशातल्या धर्मगुरूंपर्यंत, नेतं. बाबा मन्सूर, कुरेशान, आउइचेन, हुबयार ही काही नावाजलेली ओजाकं. प्रत्येक गावकरी जन्मानेच कुठल्या तरी ओजाकाचा ‘तालिप’, म्हणजे शिष्य, असतो आणि मनाला येईल तसा ओजाक बदलत नाही. देदेलाही स्वतःचा पीर, म्हणजे गुरू, असतो, त्या पिराला त्याचा मुर्शिद, म्हणजे त्याहून वरचा गुरू. म्हणजे ज्याच्यापुढे जाब द्यायचा असा कुणीतरी प्रत्येकाच्या डोक्यावर आहेच. देदेची बायको ‘आना’, आई. तिचाही मान तेवढाच.

देदे बहुधा दुसऱ्या गावचा. वर्षातून एकदा घोड्यावर किंवा पायी यायचा, या गावात चार रात्री, पुढच्या गावात तीन, असं करत हिवाळा काढायचा. त्याला जे दिलं जाई त्याला ‘हक्कुल्लाह’ म्हणत: धान्य, लोकर, कधी पैसे, ज्याला जे जमेल ते. देदे बाहेरगावचा असण्याचा फायदा पुढे वादांच्या प्रश्नात दिसेल.

मुसाहिप म्हणजे काय?

दोन विवाहित जोडप्यांचं आयुष्यभराचं बांधलेलं भावपण. सख्ख्या भावांचं मुसाहिप होत नाही. ते आधीच भाऊ आहेत. अविवाहिताला करता येत नाही. वय, भाषा, सांपत्तिक स्थिती जवळपास सारखी लागते, आणि इथे ओजाक हटून बसत, कारण एक श्रीमंत आणि एक गरीब असला की वर्षभरात ते नातं मालक-गड्याचं होतं. विधीत चौघं एका पांढऱ्या चादरीखाली येतात. त्यानंतर एकाचं कर्ज ते दुसऱ्याचं कर्ज, एकाचा गुन्हा तो दुसऱ्याचा गुन्हा. दोघांच्या मुलांची आपसात सोयरीक होत नाही. पूर्ण ‘ग्योर्ग्यू’ जेमला, ज्यात वर्षाचा हिशेब होतो, मुसाहिप नसलेल्याला बऱ्याच गावांत बसता येत नसे.

बारा सेवा कोणत्या?

जेम बारा कामांवर चालतो. नावं गावागणिक पुढे-मागे होतात, पण कामं साधारण अशी. देदे चालवतो. रेहबेर वाट दाखवतो, ज्यांची तपासणी व्हायची त्यांना पुढे आणतो. ग्योझ्जू शिस्त राखतो. कुजबुज, डुलकी, मांडी मोडून बसणं सगळ्यावर त्याची नजर. चेरागजी दिवा सांभाळतो, झाकिर साझ, म्हणजे लांब दांडीचं तंतुवाद्य, वाजवून गातो, स्युप्युर्गेजी झाडू मारतो, सक्का पाणी देतो, लोकमाजी बळीचं आणि जेवणाचं पाहतो, सेमाहजी सेमाह, म्हणजे गाण्याच्या लयीत गोलात फिरायची सेवा, करतात. पेयिक घरोघर जाऊन निरोप देतो. इझ्निकजी बसायची जागा, स्वच्छता, जोडे पाहतो. आणि बारावा बेक्ची, पहारेकरी.

पहारेकरी दोन कारणांनी. सगळं गाव एका घरात, म्हणजे बाकीची घरं उघडी. आणि उस्मानी काळात या उपासनेबद्दल माणसं पकडली जात, म्हणून गावाच्या टोकावर एक जण थंडीत उभा. त्याला जेम दिसत नाही, गाणं ऐकू येत नाही. तरी त्याची सेवा देदेच्या सेवेइतकीच धरतात.

एका रात्रीचा क्रम सांगाल का?

दिवसा पेयिक फिरून गेलेला असतो. संध्याकाळी माणसं धुतलेल्या कपड्यांत येतात, हातात काहीतरी खाण्याचं: रोट्या, फळं, सुका मेवा. उंबऱ्यावर पाय देत नाहीत; वाकून चौकटीचं चुंबन घेतात आणि ओलांडून आत जातात. देदेसाठी मेंढीचं कातडं अंथरलेलं असतं, त्याला ‘पोस्त’ म्हणतात. त्यावर बसण्याआधी देदे स्वतः उभा राहून विचारतो, तुम्ही माझ्यावर राजी आहात का? गावाने हो म्हटल्याशिवाय तो बसत नाही.

मग तो गावाला विचारतो, तुम्ही एकमेकांवर राजी आहात का? याला ‘रिझालिक’ म्हणतात. मराठीतल्या ‘राजीखुशी’मधला राजी तोच. इथेच रात्र अडते किंवा पुढे सरकते. खालचा प्रश्न पाहा.

रिझालिक झालं की सेवा सुरू होतात. झाडूवाली किंवा झाडूवाले मधल्या मोकळ्या जागेवर, म्हणजे ‘मेयदान’वर, तीन वेळा झाडू फिरवतात: अल्लाह, मुहम्मद, अली. धूळ काढणं हा हेतू नसतो; जागा आधीच झाडलेली असते. तांब्या, तस्त आणि पंचा घेऊन एक स्त्री आणि एक पुरुष येतात, बोटांवर पाणी घालतात. दिवा लागतो. झाकिर तीन ‘दुवाझ’ गातो, बारा इमामांची नावं गुंफलेली पदं. मध्ये मध्ये देदे ‘ग्युलबांक’ म्हणतो, म्हणजे मोठ्याने आशीर्वादाची प्रार्थना, आणि लोक कपाळ जमिनीला टेकवून ‘अल्लाह अल्लाह’ म्हणत राहतात. मग ‘मिराजलामा’: पैगंबर स्वर्गारोहणाहून परतताना ‘चाळिसांच्या’, म्हणजे चाळीस संतांच्या, बैठकीच्या दारी येतात. ‘कोण?’ ‘पैगंबर.’ दार उघडत नाही. शेवटी ‘गरिबांचा सेवक’ म्हटल्यावर उघडतं. आत एक द्राक्ष पिळून चाळीस जण पितात आणि सगळे सेमाहला उठतात. गाण्यात हा भाग आला की खोलीतही सेमाहजी उठतात.

त्यानंतर करबलाचे शोकगीत. सक्का पाणी घेऊन फिरतो, थेंब शिंपडतो, करबलाच्या रणात तहानलेले मारले गेलेले अलीपुत्र हुसेन, त्यांच्या तहानेची आठवण म्हणून. लोक रडतात, अगदी मोकळेपणाने. शेवटी लोकमा, म्हणजे प्रसादाचं जेवण, आणि दिवा शांत करणं.

दिव्याबद्दल एक गोष्ट. ते दिवा ‘लावला’ म्हणत नाहीत, ‘जागा केला’ म्हणतात. आणि ‘विझवला’ न म्हणता ‘गुपित केला’ म्हणतात. आपल्याकडे दिवा मालवतात, बांगड्या वाढवतात, तसंच. फुंकर तर कधीच घालत नाहीत. वात बोटांनी दाबतात.

वाद मिटला नाही तर काय होतं?

जेम थांबतो. हा नियम नीट समजला तर बाकीचं सगळं समजतं: शेजारी नाराज असताना केलेली प्रार्थना पोचतच नाही, अशी धारणा आहे. म्हणून ही रात्र अर्धी उपासना आणि अर्धं कोर्ट.

तक्रारदार मेयदानवर येतो, मग ज्याच्यावर तक्रार तो. दोघं ‘दार’मध्ये उभे राहतात. हे मराठी दार नव्हे. फारसीत दार म्हणजे फाशीचा खांब. ९२२ साली बगदादमध्ये मारल्या गेलेल्या मन्सूर अल-हल्लाजची ती आठवण. उजव्या पायाचा अंगठा डाव्या अंगठ्यावर, हात छातीवर, मान खाली. या अवस्थेत फार वेळ तोल राहत नाही, त्यामुळे भाषण लांबत नाही, हा त्याचा एक व्यावहारिक उपयोगही म्हणता येईल.

भांडणं तीच, जी कुठल्याही गावात: बांध सरकवला, पाण्याची पाळी चुकवली, जनावर पिकात घातलं, उसनं धान्य परत केलं नाही, सुनेला छळलं. देदे दोघांचं ऐकतो आणि मग गावाला विचारतो. निवाडा गावाचा, देदे तो बोलून दाखवतो. तो बाहेरचा असतो, त्याचा या बांधात किंवा त्या बांधात जीव नसतो, म्हणून त्याचं चालतं. सूत्र ठरलेलं आहे: सांडलं असेल तर भर, रडवलं असेल तर हसव, पाडलं असेल तर उभं कर.

बिघडतं ते बहुतेक तोंडदेखल्या समेटामुळे. रात्र पुढे सरकावी म्हणून दोघं हात मिळवतात, आणि पुढच्या हिवाळ्यात तीच तक्रार पुन्हा येते, आता व्याजासकट. अनुभवी देदे म्हणून नुसत्या ‘राजी आहे’वर भागवत नाही, काय परत करायचं, किती, कधी, हे सगळ्यांसमोर बोलून घेतो. दुसरी अडचण गैरहजर माणसाची. ज्याच्याशी वाद आहे तो आलाच नाही, तर आधी त्याच्या घरी जाऊन त्याची संमती आणावी लागते.

द्युश्क्युन ठरणं म्हणजे काय?

शब्दशः ‘पडलेला’. खून, व्यभिचार, चोरी, खोटी साक्ष, कारण नसताना बायको टाकणं, ही मोठी कारणं. ‘हात, कंबर, जीभ ताब्यात ठेव’ या तीन शब्दांत त्यांचा सगळा कायदा येतो, आणि यादी त्यातूनच निघते. पडलेल्याला कुणी सलाम करत नाही, त्याच्या घरी जात नाही, त्याची जनावरं गावच्या खिल्लारात घेत नाहीत. शेवटचं सगळ्यात जड. एकट्या घराला वर्षभर रोज स्वतंत्र गुराखी परवडत नाही. मुद्दत संपली, नुकसान भरलं, की बळी देऊन, जेममध्ये दारला उभं राहून माणूस परत येतो. फार गुंतलेली प्रकरणं हिदिर अब्दालच्या ओजाकाकडे जात. त्याला ‘पडलेल्यांची चूल’ असंच नाव आहे.

सरकारी कचेरीत न जाता गावं शतकानुशतकं चालली ती या व्यवस्थेवर. तिची काळी बाजूही आहे: जिथे देदे पक्षपाती किंवा गावचा बडा माणूस त्याचा यजमान, तिथे दुबळ्याला दुसरीकडे दाद मागायची सोय फारशी नव्हती.

बायका-पुरुष एकत्र बसतात हे खरं का? आणि ते ‘दिवा विझवण्या’चं काय?

एकत्र बसतात, हे खरं. काही गावांत गोलाच्या एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला पुरुष; पण पडदा नाही. दुसरी गोष्ट धादांत खोटी. ‘मुम स्योंद्यू’, मेणबत्ती विझली, म्हणजे दिवा मालवून अनाचार चालतो, ही बदनामी शतकानुशतकं बाहेरून केली गेली. ज्या उपासनेत दिव्याला फुंकरही घालत नाहीत आणि व्यभिचाऱ्याला वाळीत टाकतात, तिच्याबद्दल ही. तुर्कस्तानात हा शब्द आजही अपमान म्हणून वापरला जातो. पाहुण्याने गमतीतही उच्चारू नये.

सेमाह हा नाच आहे का?

अलेवीला असं विचारलं तर तो दुखावतो. सेमाह ही सेवा आहे. स्त्री-पुरुष गोलात फिरतात, कुणी कुणाला शिवत नाही, देदेकडे पाठ होऊ देत नाहीत. आधी संथ ‘आउरलामा’, मग चालीचा ‘युरुत्मे’, शेवटी वेगाचा ‘येल्दिर्मे’. हातांत क्रौंच पक्ष्याच्या पंखांची हालचाल येते. ‘तुर्नालार’, क्रौंचांचा सेमाह, तर नावानेच तो आहे. चुकतं ते वेग बदलताना: झाकिरने लय वाढवली आणि बाहेरच्या गोलाला कळलं नाही, तर गोल फुटतो. म्हणून नवख्याला जाणत्याच्या मागे ठेवतात. संपल्यावर सगळे दारला उभे राहतात आणि देदेची प्रार्थना घेऊनच बसतात. २०१०मध्ये युनेस्कोने सेमाहची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. रंगमंचावर तिकीट लावून सेमाह दाखवावा का, यावर अलेवींमध्येच अजून जोरात वाद आहे.

साझला ‘तारांचं कुराण’ का म्हणतात?

कारण पद आणि वाद्य मिळूनच तिथे धर्मग्रंथाचं काम होतं. शाह इस्माईल (‘हताई’ या नावाने), पीर सुलतान अब्दाल, कुल हिम्मेत, नेसिमी अशा सात थोर कवींची पदं झाकिरला पाठ लागतात. देदेंचा जुना साझ आजच्या बाउलामापेक्षा लहान, तारांचे तीन गट, मिझराब (तारा छेडायची नखी) न वापरता बोटांनी वाजवायचा. पडदे दांडीला बांधलेले असतात, ठोकलेले नाहीत. त्यामुळे अर्ध्या सुराच्याही मधले सूर निघतात आणि ते पडदे सरकतातही. म्हणून जेमआधी झाकिर पडदे तपासून पाहतो. घरी साझ भिंतीवर उंच टांगतात, काढताना आणि ठेवताना चुंबन घेतात.

जेवणात काय असतं?

बहुधा बळीचा मेंढा, उकडून, सोबत बुलगुर, म्हणजे उकडून वाळवलेला भरडा गहू. बऱ्याच ठिकाणी हाडं फोडत नाहीत. सांध्यावर सोडवतात, जेवणानंतर गोळा करून पुरतात. वाटे सारखे. देदेचा मोठा नाही, पोराचा लहान नाही, आणि बाहेरच्या पहारेकऱ्याचा आधी काढून ठेवायचा. देदेची प्रार्थना होईपर्यंत कुणी तोंडात घालत नाही. काही भागांत, विशेषतः बेक्ताशी (अलेवींना जवळचा सूफी पंथ) आणि ताहताजींमध्ये, ‘देम’ म्हणून घोटभर दारू फिरते. इतर ठिकाणी सरबत, आणि कित्येक ओजाकांत काहीच नाही. ससा मात्र अलेवी खात नाहीत.

मोहरम कसा पाळतात?

बारा दिवसांचा उपास, बारा इमामांसाठी. मांस नाही, सुरी हातात घेत नाहीत, दाढी नाही, लग्नकार्य नाही. आणि बारा दिवस निव्वळ पाणी पीत नाहीत. तहान ताक, सरबत, कालवणातल्या रसावर भागवायची. चांद्रवर्षामुळे हा काळ दरवर्षी सुमारे ११ दिवसांनी अलीकडे येतो. भर उन्हाळ्यात, कापणीच्या दिवसांत आला की त्याची खरी परीक्षा.

उपास संपला की आशुरे, बारा जिनसांची खीर: गहू, हरभरे, घेवडा, मनुका, जर्दाळू, अंजीर, अक्रोड, हेझलनट वगैरे. गहू आणि कडधान्यं रात्री वेगवेगळी भिजवायची, वेगवेगळीच शिजवायची, कारण हरभऱ्याला गव्हापेक्षा वेळ लागतो. साखर (पूर्वी द्राक्षाची काकवी) सगळं मऊ झाल्यावरच. आधी घातली तर हरभरे कडकच राहतात, मग कितीही शिजवा. खीर निवताना घट्ट होते, म्हणून चुलीवरून उतरवताना पातळच ठेवायची. मग घरोघर वाटायची.

हिझिरचा उपास कोणता?

जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, तीन दिवस, मंगळवार ते गुरुवार. अडल्यानडल्याच्या मदतीला करड्या घोड्यावरून येणारा हिझिर म्हणजे हिवाळ्याच्या तळाशी, कोठार रिकामं होत असतानाचा आधार. गहू भाजून जात्यावर दळलेलं ‘कावुत’ परातीत सपाट करून रात्रभर स्वच्छ, बंद खोलीत ठेवतात. सकाळी पिठावर खूर किंवा हाताचा ठसा दिसला तर वर्ष बरकतीचं. लग्नाच्या मुली खारट रोटी खाऊन पाणी न पिता झोपतात. स्वप्नात पाणी देईल तो नवरा.

याचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

अलेवी समाज इकडे आला नाही. पण ज्या सफवी लाटेतून किझिलबाश ओळख घडली, तिचे शिंतोडे दख्खनवर उडाले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने १५३७मध्ये शिया पंथ स्वीकारला. विजापूरच्या इस्माईल आदिलशहाने आपल्या सैन्याला बारा टोकांची लाल टोपी घालायला लावल्याचं इतिहासकार फिरिश्ता लिहितो. म्हणजे तीच किझिलबाश टोपी. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंच ताबूत आणि गावोगावचे पंजे करबलाच्याच स्मृतीतले. मात्र जेम, देदे, मुसाहिप यांतलं काही इकडे शोधू नये.

हे सगळं बदललं कधी?

१९२५च्या कायद्याने तुर्कस्तानातले सगळे तेक्के, म्हणजे सूफी मठ, बंद झाले, अलेवींना पूज्य असलेल्या हाजी बेक्ताश या संताचा दर्गाही. तो १९६४मध्ये संग्रहालय म्हणून उघडला. गावच्या जेमना त्या कायद्याने फारसा धक्का लागला नाही, ते तसेही दाराआडच होते. खरा धक्का १९५०नंतरच्या स्थलांतराचा. माणसं इस्तंबूल-अंकाराला गेली, १९६१च्या करारानंतर जर्मनीला. देदेची हिवाळी फेरी मोडली. १९८०च्या लष्करी उठावानंतर अनेक अलेवी गावांत सरकारने मशिदी बांधल्या. २ जुलै १९९३ला सिवासमध्ये पीर सुलतान महोत्सवासाठी जमलेले ३३ जण मादिमाक हॉटेलच्या आगीत मारले गेले, हॉटेलचे दोन कर्मचारीही. त्यानंतर शहरांत ‘जेमेव्ही’ म्हणजे जेमघरं झपाट्याने उभी राहिली.

शहरी जेममध्ये दिवा आहे, सेमाह आहे, लाउडस्पीकरही आहे. रिझालिकही विचारतात. पण शेजारी बसलेला माणूस दुसऱ्या जिल्ह्यातला, त्याचा-आपला बांध एक नाही, पाण्याची पाळी एक नाही. सगळे एका सुरात ‘राजी आहोत’ म्हणतात आणि दोन मिनिटांत पुढचा भाग सुरू होतो.

जेमेव्हीत पाहुणा म्हणून गेलं तर काय पाळावं?

आधी विचारून जा. बहुतेक ठिकाणी या म्हणतात. जोडे बाहेर, उंबऱ्यावर पाय नाही. बायकांनी डोक्यावर ओढणी ठेवावी, बऱ्याच ठिकाणी दारात मिळते. गुडघ्यावर बसवत नसेल तर मागे भिंतीशी बसा. ग्योझ्जू समजून घेतो, पण मेयदान ओलांडू देत नाही. फोटो देदेला विचारून. हातात काहीतरी खाण्याचं न्या, किलोभर सफरचंदं पुरतात. आणि लोकमा नाकारू नका. मांस खात नसाल तर रोटी-फळाचा वाटा मागा, आणि उरलं तर घरी न्या, ताटात टाकू नका.